मोटरहोमला होडी जोडायची? आधी शेपूट मोजा

मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन घ्यायला निघालेला माणूस आधी पलंग, शेगडी आणि शौचालय बघतो, मग इंजिन किती अश्वशक्तीचे ते विचारतो. मागे होडीचा ट्रेलर लावायचा असेल तर ही चौकशी भलत्याच टोकाकडून सुरू झाली असे समजावे. गोव्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत बाराशे किलोचा ट्रेलर ओढणे चांगल्या डिझेल गाडीला फारसे जड जात नाही. तिची खरी परीक्षा होते नदीकाठच्या शेवटच्या दहा मीटरांत, होडी पाण्यात सोडायच्या शेवाळलेल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर. तिथे अश्वशक्तीला कोणी विचारत नाही. इंजिन कोणती चाके फिरवते आणि मागच्या ॲक्सलपलीकडे (मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यापलीकडे) गाडी किती लांब आहे, या दोन गोष्टींवर होडी पाण्यात जाते की गाडी, ते ठरते.

मोटरहोमचे शेपूट, म्हणजे मागच्या ॲक्सलपलीकडचा भाग, लांब असते, कारण पलंग नाहीतर न्हाणी तिथेच बसवलेली असते. ट्रेलर अडकवायचा टो-हुक त्या शेपटाच्या टोकाला येतो. मागचा ॲक्सल हा टेकू धरला तर सगळी गाडी सी-सॉसारखी वागते: टोकावर भार पडला की पुढचा भाग उचलला जातो. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३.५ मीटर, हुक मागच्या ॲक्सलच्या १.५ मीटर मागे आणि हुकावर १०० किलो भार, असे धरू. मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे, १४३ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ४३ किलो कमी होतात. म्हणून गाडी पसंत करण्याआधी ती वजनकाट्यावर न्यावी. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, माणसे सगळे भरून. एकदा फक्त पुढची चाके काट्यावर, एकदा पूर्ण गाडी. वजाबाकीतून मागच्या ॲक्सलचा आकडा मिळतो. त्या ॲक्सलच्या मर्यादेत निदान दीडशे किलोची जागा शिल्लक नसेल तर ती गाडी होडीसाठी नव्हे, मग आतली सजावट कितीही सुंदर असो. ट्रेलर किती ओढता येतो हे चालकाच्या पुस्तिकेत दिले नसेल तर निर्मात्याकडून लेखी घ्यावे. गॅरेजवाल्याच्या ‘ओढेल हो’वर जाऊ नये.

आता उतार. दर आठ मीटरला एक मीटर उतरणारा रॅम्प होडीसाठी चांगला मानतात. साडेतीन टनांची गाडी आणि १२०० किलोचा ट्रेलर मिळून ४,७०० किलो वजन त्यावरून वर काढायचे तर गुरुत्वाविरुद्ध सुमारे ५८० किलोचा ओढा लागतो. चाकांचा रोध धरला तर ६५०. ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर टायरचा घर्षणांक, म्हणजे चाकांवरच्या वजनाचा जेवढा हिस्सा ओढा म्हणून मिळतो तो, ०.५ च्या आसपास मिळतो. हिरवे शेवाळ धरले की ०.३ सुद्धा नशिबाने. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, त्यात हुकावरचा भार. सपाटीवर पुढे १,६०० आणि मागे १,९०० किलो असलेल्या गाडीचे चढावर पुढे १,४०० आणि मागे २,२०० होतात. पुढची चाके फिरणारी गाडी असेल तर १,४०० गुणिले ०.३, म्हणजे ४२० किलोचा ओढा. लागतात ६५०. चाके जागच्या जागी फिरतील, रबर जळल्याचा वास येईल, गाडी हलणार नाही. मागची चाके फिरणारी असेल तर ६६०, म्हणजे जेमतेम. चारही चाके फिरत असतील तर हजाराच्या वर.

आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्पर गाड्या फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. तिची मागची चाके फिरतात. टाटा विंगरची पुढची फिरतात. आतून विंगर बसकी आणि चढा-उतरायला सोयीची, म्हणून मन तिच्याकडे ओढले जाते. होडी नसेल तर खुशाल घ्यावी. फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) असलेल्या पिकअपवर बांधलेला छोटा कॅम्पर आमच्या मते या कामाला सर्वांत चोख. जागा कमी मिळते, पण क्लच जळत नाही. मॅन्युअल गिअरची जड गाडी रॅम्पवर अर्ध्या क्लचवर दोन-तीन मिनिटे धरून ठेवली की क्लच प्लेटचे आयुष्य तिथेच सरते.

लांब शेपटाचा एक फायदा मात्र आहे. हुक १.५ मीटर मागे आणि हुकापासून ट्रेलरचा ॲक्सल ४.५ मीटर, म्हणजे गाडीची मागची चाके पाण्याच्या काठावर असताना ट्रेलरचा ॲक्सल सहा मीटर आत असतो. एकास आठ उतारावर तिथे ७५ सेंटिमीटर पाणी. होडीचा तळ ट्रेलरवर जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आणि होडी तरंगायला ३० सेंटिमीटर पाणी लागत असेल, तर हिशेब बरोबर जमतो. तोच उतार एकास बारा असेल तर ॲक्सलपाशी पाणी फक्त ५० सेंटिमीटर. उरलेल्या २५ साठी गाडी आणखी तीन मीटर मागे घ्यावी लागते. मागच्या चाकांपाशी २५ सेंटिमीटर खारे पाणी, म्हणजे ब्रेकच्या ड्रममध्ये ते शिरणार. आणि शेपटाच्या टोकाशी सुमारे ३७ सेंटिमीटर. सायलेन्सरचे तोंड ३५ सेंटिमीटरवर असेल तर ते बुडाले. इंजिन चालू आहे तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलतो. ते बंद पडले की पाणी नळीत चढते.

मंद उतारावर गाडी आत घालण्याऐवजी टो-बार आणि ट्रेलर यांच्यामध्ये दोन-तीन मीटरचा लोखंडी जोडदांडा लावावा. दुसरी युक्ती पुढच्या हुकाची: गाडीच्या नाकाखाली चासीला घट्ट बोल्ट केलेला बॉल, फक्त रॅम्पवर वापरायचा. ट्रेलर नाकाने ढकलत उतरायचे. होडी डोळ्यांसमोर राहते, सायलेन्सर कोरडा राहतो आणि मागची चाके फिरणारी गाडी असेल तर ती वरच्या कोरड्या काँक्रीटवर असतात.

पाणी स्वतःही जागा बदलत असते. मांडवी-जुवारीच्या मुखाशी दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती, आणि उधाणाच्या दिवसांत दोहोंत सुमारे दोन मीटरचा फरक. भरतीपासून सुकतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला अर्धा मीटर. एकास आठ उतारावर अर्धा मीटर म्हणजे काठ चार मीटर मागे. जेवण आटपून येईपर्यंत रॅम्पचे काँक्रीट संपून लाल गाळ उघडा पडतो आणि ट्रेलरचे चाक त्या कडेवरून खाली उतरले की हाताने निघत नाही. वेळा मुरगाव बंदराच्या भरती-कोष्टकात मिळतात. नदीत जितके वर जाल तितकी भरती उशिरा. मांडवीत ती सुमारे ५० किलोमीटर, गांजेपर्यंत पोचते. नव्या जागी होडी नेण्याआधी एकदा सुकतीला रिकाम्या हाताने जाऊन रॅम्पचे शेवटचे टोक काठीने चाचपावे. कडेला कालवे (धारदार शिंपले) चिकटलेली असतात. त्यांची धार टायरची बाजू सरळ कापते, आणि बाजूचे पंक्चर काढता येत नाही.

फेरीधक्क्यांचे उतार रुंद आणि मोहक दिसतात, पण ते फेरीबोटींसाठी आहेत. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालायला तर मनाईच आहे. होडीची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे होते. ती कुठून पाण्यात सोडता येईल तेही तिथेच विचारावे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी वेगळी.

रस्त्यावर ट्रेलर डोलू लागण्याचे कारण बहुतेक वेळा होडीच्या मागच्या फळीवर टांगलेले आउटबोर्ड इंजिन असते. चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन सत्तर किलोच्या आसपास भरते. शेजारी पेट्रोलची टाकी. सगळे वजन मागे गेले की हुकावरचा भार घटतो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेतो. हुकावर एकूण ट्रेलरच्या पाच ते दहा टक्के भार हवा, म्हणजे १२०० किलोला ६० ते १२०. घरातला वजनकाटा कपलरखाली (ट्रेलरच्या हुकावर बसणाऱ्या टोकाखाली) लाकडाच्या खुंटावर ठेवून, ट्रेलर सपाट धरून तो मोजता येतो. कमी भरला तर विंचचा (होडी ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब पुढे सरकवून होडी पुढे घ्यावी: हजार किलोची होडी दहा सेंटिमीटर पुढे गेली की हुकावर सुमारे २२ किलो वाढतात.

बेळगावहून चोर्ला किंवा अनमोड घाटाने येणाऱ्यांनी ब्रेकचा विचार आधीच करावा. ४,७०० किलो वजन ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ७८ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. ती सगळी ब्रेकमध्ये ओतली तर ब्रेक पकड सोडतात. ज्या गिअरवर घाट चढला असता त्याच गिअरवर उतरावे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि ते ढकलीवर चालणारे, म्हणजे ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागला की आपोआप लागणारे, यांत्रिक असावेत. विजेवर चालणारे ब्रेक खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत.

रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात घुसू नये. तापलेले हब (चाकाचे मधले तुंबे, ज्यात बेअरिंग असते) थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, सीलमधून खारे पाणी ओढून घेते आणि काही महिन्यांत बेअरिंग खडखडू लागते. वर सपाटीवर वीस मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात पट्टे सोडणे, तळाचा बूच बसवणे, दिव्यांचा प्लग काढणे उरकते. विंचचा पट्टा मात्र होडी पाण्याला लागेपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर ती कोरड्या काँक्रीटवर घसरून उतरते. हँडब्रेक बहुधा मागचीच चाके धरतो, आणि तीच शेवाळावर असतात. म्हणून पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे.

परतल्यावर ट्रेलर, हब आणि गाडीचे मागचे ड्रम गोड्या पाण्याने धुवावेत, होडी नदीत चालवली असली तरी. उन्हाळ्यात खारेपण नदीत बरेच आत शिरलेले असते. धुतल्यावर किलोमीटरभर हलका ब्रेक दाबत गाडी चालवावी म्हणजे ड्रम सुकतात. रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नये. ओले ब्रेक-शू ड्रमला चिकटतात आणि सकाळी हातोडीने ठोकून सोडवावे लागतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावणे पुरे.