वलंदेजांचं डॉइट: ओळख, वजन आणि मोल

तांब्याच्या जुन्या नाण्यांच्या ढिगात कधीतरी एक नाणं हाती येतं. त्यावर इंग्रजी 'व्ही' हे मोठं अक्षर असतं, त्याच्या डाव्या पायात 'ओ' आणि उजव्या पायात 'सी' गुंफलेलं असतं आणि खाली साल असतं. ही डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा. आपल्या जुन्या कागदपत्रांत डचांना वलंदेज म्हणत. वेंगुर्ल्यात त्यांची वखार पडक्या अवस्थेत का होईना, अजून आहे. या नाण्याचं नाव डॉइट. इंडोनेशियात आजही बोलताना पैशाला 'दुइत' म्हणतात, तो शब्द इथूनच आला.

कंपनी १६०२ सालची, पण तिची मुद्रा असलेलं डॉइट निघालं १७२६ मध्ये. नेदरलँड्समध्ये आठ डॉइट दिले की एक स्टायव्हर हे मोठं डच नाणं मिळे, जावामध्ये मात्र चारच पुरत. त्यामुळे खलाशी साधी डॉइट चोरून पूर्वेकडे नेत आणि पैसे दुप्पट करत. हे रोखायला कंपनीने आपल्या छापाची वेगळी डॉइट काढली.

हे साल पक्कं लक्षात ठेवावं. 'न्यूयॉर्क पेनी' म्हणून हेच नाणं चढ्या भावाने विकलं जातं आणि लोक फसतात, याचं वाईट वाटतं. डचांची अमेरिकेतली वसाहत न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांच्या हाती जाऊन त्याचं न्यूयॉर्क झालं १६६४ मध्ये, म्हणजे हे नाणं निघण्याच्या साठ वर्षं आधी. शिवाय ही कंपनी आशियातली. अमेरिकेचा व्यापार दुसऱ्याच डच कंपनीकडे होता.

आता नाणं उलटं करा. दुसऱ्या बाजूच्या ढालीवरून ते कोणत्या प्रांतात पाडलं ते कळतं. एकच उभा सिंह असेल तर हॉलंड. लाटांतून अर्धा वर आलेला सिंह म्हणजे झीलँड. एकाखाली एक चालणारे दोन सिंह वेस्ट फ्रिसलँडचे, तर समोरासमोर उभे असलेले गेल्डरलँडचे. तिरकी दुभागलेली ढाल दोन सिंहांनी दोन्ही बाजूंनी धरलेली दिसली, तर ते उट्रेख्टचं. उट्रेख्टच्या १७९० सालच्या नाण्याबाबत मात्र सावध राहावं. तेच साल टाकून जावामध्ये पुढे १८४० च्या सुमारास पुन्हा नाणी पाडली गेली. छापलेलं साल आणि पाडल्याचं साल एकच असेल असं नाही.

खरंखोटं तपासायला आर्किमिडीजची युक्ती घरीही करता येते. नाण्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात लोंबतं सोडा. तळाला टेकू देऊ नका. समजा, नाणं ३.२० ग्रॅमचं आहे आणि पाण्यात सोडल्यावर काटा ०.३६ ग्रॅम दाखवतो. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की ८.९ येतं, म्हणजे धातू पाण्याच्या ८.९ पट जड, म्हणजेच तांबं. पण काटा ०.३७ दाखवत असेल तर उत्तर ८.६ येतं, आणि ते पितळेच्या जवळचं आहे. एवढ्या छोट्या नाण्यात शंभरावा भाग ग्रॅमही निकाल फिरवतो. म्हणून हजारावा भाग दाखवणारा काटा घ्यावा आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून चार-पाचदा मोजावं. सोबत भिंगाखाली कडा पाहावी. कडेभोवती जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली, तर नाणं ठशाने पाडलेलं नसून साच्यात ओतलेलं असण्याचा दाट संशय घ्यावा.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी यांना हात लावू नका! तांब्यावरचा तपकिरी किंवा घट्ट हिरवा थर शतकांनी बसवलेला असतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. तो गेला की संग्राहक लगेच कमी भाव देतात. भुकटीसारखे सुटणारे फिकट हिरवे ठिपके मात्र वेगळे. धातूत अडकलेलं क्लोराइड दमट हवेत तांबं खात राहतं, त्याची ती खूण. अशी नाणी इतरांपासून दूर, सिलिका जेलसोबत कोरड्या डबीत ठेवावीत. कोकणातल्या खाऱ्या, ओलसर हवेत ही काळजी दुप्पट हवी.

भावाचं म्हणाल, तर जुनं म्हणजे महाग हा समज सोडावा. डॉइट प्रचंड संख्येने पाडली गेली, त्यामुळे झिजलेलं साधं नाणं स्वस्तातच मिळतं. मोल वाढतं ते दुर्मीळ साल आणि टांकसाळ यांची जोडी जुळली तर, किंवा सिंहाची आयाळसुद्धा स्पष्ट दिसत असेल तर. तमिळनाडूतल्या पुलिकत आणि नागपट्टणम इथल्या डच नाण्यांची गोष्ट निराळी. ती स्थानिक धाटणीची आहेत आणि त्यांचे जाणकारही वेगळे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाही. जमिनीत पुरलेला साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवताना जागा, खोली आणि शेजारी सापडलेल्या वस्तू यांची नोंद जरूर द्यावी. नाणं तिथवर कसं पोचलं हे अभ्यासकाला त्या नोंदीवरूनच शोधता येतं.