निफाडचा पारा आणि तापमानवाढीवरील शंकांचा इतिहास

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांच्या खाली उतरला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत राज्यातील नीचांकी तापमानाची चौकट ठरलेली असते. त्याच सकाळी नाशिकच्या चहाच्या टपऱ्यांवर एक प्रश्नही ठरलेला असतो : एवढी हुडहुडी भरते आहे, मग ती तापमानवाढ गेली कुठे? द्राक्ष बागायतदार मात्र तेव्हा पहाटेच्या अंधारात बागेत शेकोट्या पेटवून धूर धरत असतो आणि थंडीने मणी तडकू नयेत म्हणून ठिबक चालू ठेवत असतो. त्याला या प्रश्नाकडे पाहायला सवड नसते, पण प्रश्न त्याच्याही मनात असतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. जागतिक तापमानवाढीच्या विज्ञानावर गेल्या सव्वाशे वर्षांत जे आक्षेप आले, त्यांतील बरेचसे मुळात इतकेच साधे आणि रास्त होते. त्यांना काय उत्तरे मिळाली आणि उत्तरे मिळाल्यानंतरही त्यातले काही प्रश्न का जिवंत राहिले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठीत या घोळाला भाषेचीही साथ आहे. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ म्हणजे आजची, या घटकेची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घ काळाची सरासरी, असा भेद शिकवला जातो. परंतु दहावीची परीक्षा संपली की तो भेदही संपतो. उद्याच्या पावसाचा अंदाज देणारे ते हवामान खाते आणि तीस वर्षांच्या नोंदींवरून ठरते तेही हवामान. साहजिकच अंदाज चुकल्यावर हवामान खात्याची जी थट्टा होते, तिची झळ हवामानबदलाच्या शास्त्रालाही लागते. ज्यांना उद्याचे सांगता येत नाही ते २१०० सालाचे काय सांगणार, असा युक्तिवाद मग बिनतोड वाटू लागतो. वस्तुतः उद्या दुपारी पंचवटीत सर येईल की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नसले, तरी मे महिना जानेवारीपेक्षा तापेल हे सांगायला वेधशाळा लागत नाही. दोन्ही गणितांची जात वेगळी आहे.

मूळ सिद्धांत जुना आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जमिनीकडून परत जाणारी उष्णता शोषून घेतात, हे आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवले होते. त्याच्या तीन वर्षे आधी अमेरिकेतील युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइडने भरलेले नळकांडे अधिक तापते हे नोंदवले होते. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस यांनी हाताने आकडेमोड करून, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल असे अनुमान मांडले. पहिला गंभीर आक्षेप त्यानंतर चारच वर्षांत आला, आणि तोही स्वीडनमधूनच. क्नुट आंगस्ट्रॉम यांनी नळीत वायू भरून त्यातून उष्णता सोडली. वायूचे प्रमाण कमी केले तरी शोषणात फारसा फरक पडेना. म्हणजे हवेत आहे तेवढाच कार्बन डायऑक्साइड आपल्या वाट्याची उष्णता पुरती शोषून घेतो, त्यात भर पडल्याने काही बिघडत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि जवळजवळ अर्धे शतक तो पाठ्यपुस्तकांत टिकून राहिला.

या आक्षेपातली चूक समजायला १९५० चे दशक उजाडले. नळीतील हवा सर्वत्र सारखी असते, वातावरण तसे नसते; वर जावे तसे ते विरळ आणि थंड होत जाते. उष्णता थराथराने शोषली जात आणि पुन्हा सोडली जात वर सरकते आणि शेवटी ज्या उंचीवरून ती अवकाशात निसटते, ती उंची वायू वाढला की आणखी वर जाते. वरचा थर अधिक थंड असल्याने तो कमी उष्णता बाहेर टाकतो, आणि तो हिशेब जुळेपर्यंत खालची जमीन तापत राहते. गिल्बर्ट प्लास यांनी १९५६ मध्ये नव्या संगणकांच्या मदतीने हे गणित मांडले. आंगस्ट्रॉम यांची शंका खोटी नव्हती, अपुरी होती. तिला उत्तर देताना विज्ञानच अधिक पक्के झाले.

मधल्या काळातील एक प्रसंग भारताशी दुरून जोडलेला आहे. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर नावाच्या ब्रिटिश वाफ-अभियंत्याने जगभरातील १४७ केंद्रांच्या नोंदी एकत्र करून, गेल्या अर्धशतकात जगाचे तापमान वर्षाला सरासरी ०.००५ अंशाने वाढले आहे आणि त्याला कोळशाचा धूर कारणीभूत आहे, असे लंडनच्या रॉयल मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. तेथे त्यांना हटकणाऱ्यांत सर जॉर्ज सिम्पसन होते. सिम्पसन यांनी आपल्या कारकिर्दीची उमेदीची वर्षे भारतीय हवामान खात्यात सिमल्याला काढली होती आणि पुढे ते ब्रिटनच्या हवामान विभागाचे प्रमुख झाले होते. वायू आणि तापमान दोन्ही वाढले हा योगायोग समजावा, आणि हवेची अभिसरणे दुर्लक्षून नुसत्या प्रारणाच्या, म्हणजे किरणांनी येणाऱ्या-जाणाऱ्या उष्णतेच्या, हिशेबावर तापमान काढता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मला ही चर्चा नेहमीच आदर्श वाटत आली आहे. आक्षेप नेमका होता, तो तोंडावर घेतला गेला, आणि काय मोजले म्हणजे वाद मिटेल हे दोन्ही बाजूंना कळत होते. कॅलेंडर यांना तर ही वाढ थंड प्रदेशांना उपकारकच ठरेल असे वाटत होते. भीती घालण्याचा हेतू तेथे शोधूनही सापडत नाही.

मोजणीचे मोठे काम १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. समुद्र सगळा वायू गिळून टाकेल, हा आक्षेप त्या आलेखाने निकालात काढला. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ हिमयुगाची भाकिते करत होते, असे आजही ठासून सांगितले जाते. काही नियतकालिकांनी तसे छापले होते हे खरे. पण १९६५ ते १९७९ मधील शोधनिबंधांची नंतर मोजदाद झाली तेव्हा थंडावण्याकडे कल दाखवणारे ७ आणि तापण्याकडे कल दाखवणारे ४४ निघाले.

वादाचा स्वभाव पालटला तो १९८८ नंतर. त्या वर्षी जूनमध्ये नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आंतरसरकारी हवामान समिती, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाली. आता प्रश्न प्रयोगशाळेतला राहिला नाही. कोळसा, तेल आणि मोटारींच्या धंद्यापर्यंत तो पोहोचला. १९८९ मध्ये या उद्योगांनी ग्लोबल क्लायमेट कोएलिशन नावाचा गट उभा केला आणि तो २००२ पर्यंत, शास्त्र अजून अनिश्चित आहे, हे सांगत राहिला. गंमत अशी, की हरितगृह परिणामाचा, म्हणजे हवेतील वायूंनी उष्णता अडवून धरण्याचा, पाया नाकारता येत नाही असे या गटाच्याच तज्ज्ञांनी १९९५ च्या अंतर्गत मसुद्यात लिहिले होते. एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीच्या वरिष्ठांना याची कल्पना दिली होती. तंबाखू उद्योगाच्या १९६९ च्या एका टिपणात, शंका हेच आपले उत्पादन, अशा अर्थाचे वाक्य आहे. ते उत्पादन पुढे दुसऱ्या बाजारातही खपले.

मात्र विकत घेतलेली शंका आणि प्रामाणिक शंका यांची सरमिसळ करणे अन्यायाचे होईल. जॉन ख्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणाच्या खालच्या थराचे तापमान काढले तेव्हा त्यात वाढ जवळपास दिसेना, आणि जमिनीवरच्या तापमापकांवर शंका घेणे त्यामुळे स्वाभाविक ठरले. १९९८ मध्ये लक्षात आले, की विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रहांची उंची हळूहळू कमी होते आणि त्यामुळे नोंदीत खोटी थंडी शिरते. २००५ मध्ये आणखी एक चूक सापडली : उपग्रह दिवसाच्या ज्या वेळी डोक्यावरून जातो ती वेळ वर्षागणिक सरकते, आणि त्यासाठी केलेली दुरुस्ती उलट्या दिशेने झाली होती. दोन्ही चुका सुधारल्यावर त्यांचीच मालिका वाढ दाखवू लागली. आपल्याकडे हवामानशास्त्र म्हणजे संगणकाचे खेळ अशी जी समजूत आहे, तिला हे उदाहरण सांगावे.

भारतातला वाद वेगळ्या वाटेने गेला. येथे तापमान वाढते का, यापेक्षा ते कोणाच्या माथी मारले जाते, हा प्रश्न मोठा होता. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने उत्सर्जन करणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताला बसवले. त्यात भातखाचरांतून आणि गुराढोरांपासून निघणाऱ्या मिथेनचा वाटा मोठा होता. पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले : इगतपुरीसारख्या ठिकाणी आवणी करणाऱ्या कुटुंबाचा जगण्यापुरता वायू आणि मोटारींचा चैनीचा वायू एकाच तराजूत तोलता येणार नाही, असा त्या मांडणीचा आशय होता. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा परदेशी अंदाजातील वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या जागी सुमारे ४० लाख टन मिथेन निघाले. आकड्यावर शंका घेऊन स्वतः मोजायला बसण्याचे याहून चांगले भारतीय उदाहरण माझ्या माहितीत नाही.

नोव्हेंबर २००९ हा महिना या इतिहासात विलक्षण ठरला. ११ तारखेला फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि त्याच्या पावसात नाशिकच्या ऑक्टोबर छाटणीच्या बागा ऐन नाजूक अवस्थेत भिजल्या. त्याच महिन्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांवरील चर्चालेख पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला, आणि इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामान-संशोधकांचे हजाराहून अधिक ई-मेल चोरून जगापुढे टाकले गेले. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे विधान होते. रैना यांचा लेख त्याच्याशी जुळत नव्हता. समितीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी भारत सरकारच्या त्या लेखाची जादूटोणा म्हणून हेटाळणी केली. जानेवारी २०१० मध्ये समितीला ते विधान निराधार असल्याचे मान्य करून खेद व्यक्त करावा लागला. २०३५ हा आकडा शोधनिबंधातून आलाच नव्हता. तो एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालातून आणि त्याआधी एका मासिकातील मुलाखतीतून घरंगळत आला होता. चूक पकडणारे हिमनद्यांचे अभ्यासकच होते, आणि हिमनद्या आटत आहेत हे त्यांच्यापैकी कोणी नाकारले नव्हते. ई-मेलच्या चौकशांत आकडे बनवल्याचा पुरावा मिळाला नाही, पण माहिती खुली न करण्याबद्दल ठपका बसला. माझ्या मते पचौरींच्या त्या एका शब्दाने जे नुकसान केले, ते दहा विरोधकांना जमले नसते.

शहरांच्या उष्णतेचा आक्षेप नाशिककरांना लगेच पटणारा आहे. पूर्वी इथल्या वाड्यांत उन्हाळ्यातही पंख्याची गरज नसे, असे सांगणारे वडीलधारे घरोघर आहेत. वाडे गेले, झाडे गेली, काँक्रीट आले, तेव्हा पारा चढणारच. मग जगाची सरासरीही अशीच शहरांनी फुगवलेली असेल काय? अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनी हीच शंका घेऊन बर्कले येथे प्रकल्प काढला, त्याला तेल उद्योगातील कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचेही पैसे मिळाले, आणि तीस हजारांहून अधिक केंद्रांच्या नोंदी तपासून २०११-१२ मध्ये ते सांगते झाले, की जागतिक सरासरीवर शहरांचा परिणाम नगण्य आहे आणि वाढ खरी आहे. शहराला शहराची उष्णता आहेच. ती जगाच्या वाढीच्या वर आणखी चढते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा आढावा सांगतो, आणि निफाडची एखादी कडक पहाट त्याच सरासरीत मोजलेली असते.

गोदावरीच्या पुराबाबत मात्र शंका अजून उघडी आहे, आणि तशी ती असायला हवी. पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागले, यावर नाशिककर पूर मोजतात, आणि सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ यांच्या आठवणी निघाल्या की १९६९ च्या महापुराचा दाखला देणारा कोणी तरी निघतोच. त्याचे म्हणणे बरोबर आहे : एका पुराचे पाणी गंगापूर धरणाच्या विसर्गावर, नाल्यांवर आणि पूररेषेतील बांधकामांवरही ठरते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. पण ते पट्ट्याबद्दल आहे, एकट्या नाशिकच्या गोदाघाटाबद्दल नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड परिसरातील बागा झोडपल्यानंतर वादाला आणखी एक वळण दिसले. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीशी बांधलेली असते. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. ढग एका शिवारावर फुटतो आणि केंद्र दुसऱ्या गावच्या शिवारात कोरडे राहते, तेव्हा बागायतदार केंद्राची जागा, त्याच्या आसपासची झाडे आणि त्याची देखभाल यांवर बोट ठेवतो. अमेरिकेतील संशयवाद्यांनी दोन दशकांपूर्वी तापमापकांच्या जागांबद्दल नेमके हेच प्रश्न विचारले होते, तापमानवाढ खोटी ठरवण्यासाठी. इथला बागायतदार ते विचारतो आहे तो आपल्यावर कोसळलेले हवामान कागदावर उतरावे म्हणून, आणि पंचनाम्याच्या दिवशी तुटलेल्या घडांचे मोबाइलवर काढलेले, तारीख-वेळ असलेले फोटो तो हाती घेऊन उभा असतो.