सीआरपी वाढलंय म्हणजे औषध लागू पडेलच असं नसतं

परवा परत तेच झालं. एमडी करणारी एक मुलगी थिसिसचा टेबल घेऊन परळला आमच्या ऑफिसात आली, समोर बसली आणि म्हणाली, मॅडम, मार्कर प्रेडिक्टिव्ह निघालाय, पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०१ आहे. मी टेबल बघितला. साठ पेशंट, साठही जणांना एकच औषध दिलेलं, सहा महिन्यांनी ज्यांना बरं वाटलं ते एका रकान्यात, ज्यांना नाही वाटलं ते दुसऱ्या, आणि खाली दोघांचं औषध सुरू व्हायच्या आधीचं सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती हे सांगणारा रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा. बरे झालेल्यांचं कमी, बाकीच्यांचं जास्त. निष्कर्षात लिहिलेलं, सीआरपीवरून या औषधाचा प्रतिसाद आधीच सांगता येतो. ट्रायलच्या आकड्यांचं काम करता करता हे वाक्य मी इतक्या जणांच्या कागदावर खोडलंय की आता एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

घोळ दोन शब्दांचा आहे, प्रॉग्नॉस्टिक मार्कर आणि प्रेडिक्टिव्ह मार्कर. मार्कर म्हणजे तपासणीत मोजलेली एखादी खूण. पहिला सगळ्यांना माहीत असतो. रिपोर्टमधला आकडा वाईट तर पेशंटचं पुढे अवघड, आकडा चांगला तर काळजी कमी. हार्ट फेल्युअरमध्ये एनटी-प्रोबीएनपी हा रक्तातला आकडा वाढलेला असला की डॉक्टर गंभीर होतात ते ह्याचसाठी. ह्यावर जास्त बोलायची गरज नाही, घरात एखादं आजारपण काढलेल्या माणसालाही हे कळतं.

दुसरा मात्र पेशंटचं काय होणार हे सांगत नाही. तो सांगतो की हे विशिष्ट औषध दिल्याने, न देण्याच्या तुलनेत, ह्या माणसाला किती फरक पडेल. "न देण्याच्या तुलनेत" हे तीन शब्द गाळले की सगळं कोसळतं, आणि नेमके तेच गाळले जातात. मराठीत तर दोन्हीला आपण "भाकीत" म्हणून मोकळे होतो, पुस्तकी भाषांतरात दोन्हीकडे "पूर्वानुमान" छापलेलं मी पाहिलंय, ते वाचून मुलांनी काय समजायचं? मी शिकवताना सरळ म्हणते, पहिला नशीब सांगणारा, दुसरा औषधाचा फायदा सांगणारा. शब्द ओबडधोबड आहेत पण घोळ होत नाही.

आता हे लोकलवर समजून घ्या. वेस्टर्न लाइनवर चर्चगेटला जायचंय. बोरिवलीवाल्याला दादरवाल्यापेक्षा जास्त वेळ लागणार, गाडी कुठलीही असो. म्हणजे बोरिवलीत राहणं हे प्रॉग्नॉस्टिक. आता दादर आणि माटुंगा रोड घ्या, शेजारशेजारची स्टेशनं. दोघं स्लो लोकलने गेले तर वेळेत फरक दोनतीन मिनिटांचा, म्हणजे नशीब जवळपास सारखंच. पण फास्ट लोकल हे औषध धरलं तर? फास्ट दादरला थांबते, माटुंगा रोडला थांबत नाही. दादरवाल्याचा वेळ वाचतो, माटुंगा रोडवाल्यासमोरून ती धडधडत निघून जाते आणि त्याला काडीचा उपयोग नाही. तुमच्या स्टेशनवर फास्ट थांबते का, हा झाला प्रेडिक्टिव्ह मार्कर. आणि हे सिद्ध करायला स्लो लोकलचा वेळ माहीत असावाच लागतो, दोन्ही स्टेशनांचा. फक्त फास्टच्या दिवशीचे आकडे घेऊन बसलात तर दादरवाला लवकर का पोचला, गाडीमुळे की घरच जवळ म्हणून, हे कळायला मार्ग नाही.

ह्याचं खरं उदाहरण, मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहिते ते, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं आहे. सेटुक्सिमॅब नावाचं औषध, आणि ट्यूमरमधला केरास जीन. २००८ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना फक्त त्रास कमी करणारी काळजी, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी होती. कागदावर चार घरांचा चौकोन काढा. ज्यांचा केरास जसा असायला हवा तसा होता, म्हणजे म्युटेशन नव्हतं, ते वरच्या ओळीत: औषधावर मध्यक आयुष्य ९.५ महिने, औषधाशिवाय ४.८. केरासमध्ये म्युटेशन असलेले खालच्या ओळीत: औषधावर ४.५, औषधाशिवाय ४.६. बघा आता. औषधाशिवायचा रकाना वरून खाली वाचला तर ४.८ आणि ४.६, काहीच फरक नाही, म्हणजे केरास ह्या पेशंटांचं नशीब सांगत नव्हता. ओळी आडव्या वाचल्या तर वरच्या ओळीत आयुष्य जवळपास दुप्पट झालं आणि खालच्या ओळीत औषध, पैसे, अंगावर उठणारं पुरळ, सगळं वाया. ह्यापेक्षा स्वच्छ प्रेडिक्टिव्ह मार्कर शोधून सापडणार नाही.

आणि आता त्या चौकोनाचा उजवा रकाना हाताने झाका, औषधाशिवायचा. उरले ९.५ आणि ४.५. हेच दोन आकडे अशा मार्करमुळेही आले असते जो औषधाशी काही संबंध न ठेवता फक्त "हा पेशंट मुळातच बरा, तो मुळातच वाईट" एवढंच सांगतो. झाकलेल्या रकान्यातही ९.५ आणि ४.५ असते तर औषध शून्य कामाचं ठरलं असतं. तुमच्याकडे फक्त औषध घेतलेल्यांचेच आकडे असतील तर ह्या दोन शक्यता वेगळ्या करताच येत नाहीत, पेशंट साठ असोत नाहीतर सहाशे. त्या मुलीच्या थिसिसमध्ये नेमका हाच अर्धा चौकोन होता. जास्त सीआरपीवाले बरे झाले नाहीत, कबूल, पण ते मुळात जास्त आजारीच होते ना, औषध नसतं तर अजून खालावले असते की तसेच राहिले असते? कदाचित सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच झाला असेल. म्हणून मला "रिस्पॉन्डर" आणि "नॉन-रिस्पॉन्डर" ह्या शब्दांचाच राग आहे. औषध घेतल्यावर बरं वाटणं आणि औषधामुळे बरं वाटणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे दोन शब्द त्यांना एकच करून टाकतात.

कोविडमध्ये हा घोळ अख्ख्या मुंबईने भोगला. एप्रिल २०२१ आठवा, ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सीआरपी, डी-डायमर, फेरिटिनचे रिपोर्ट. माझ्या मामेभावाने रात्री साडेअकराला मावशीचा रिपोर्ट पाठवला, सीआरपी ११२, आकड्याभोवती लाल पेनाने गोल, आणि खाली एकच ओळ, ताई टोसी कुठे मिळेल. सीआरपी जास्त म्हणजे टोसी, अर्थात सूज आवरणारं टोसिलिझुमॅब, लागणारच आणि लागू पडणारच, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याला कारणही होतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा जास्त असलेल्या ४,११६ जणांना घेतलं होतं आणि औषध दिलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३१ टक्के, न दिलेल्यात ३५ टक्के निघाले. फायदा खरा आहे. पण ७५ ही त्या ट्रायलच्या दाराशी लावलेली अट होती. दाराच्या आत सगळेच ७५ च्या वरचे, मग खालच्यांना फायदा होतो की नाही हे ती ट्रायल सांगणार कशी? प्रवेशाची अट म्हणजे प्रेडिक्टिव्ह मार्कर नव्हे. चौकोनाची एक अख्खी ओळच तिथे रिकामी आहे. आणि ऑक्सिजनची अट तर त्या फॉरवर्ड मेसेजांमधून पार गळूनच गेली होती.

डी-डायमरचंही तसंच, रक्तात गुठळ्या होत असल्याची ती खूण. वाढलं की तब्येत बिघडण्याची शक्यता जास्त, हे खरं. त्यावरून लोकांनी ठरवलं की वाढलेलं असेल त्यालाच रक्त पातळ करायच्या पूर्ण डोसचा उपयोग. पण २०२१ मध्ये तीन ट्रायल एकत्र करून जो निकाल आला त्यात आयसीयूत नसलेल्या पेशंटना हेपॅरिनच्या पूर्ण डोसचा फायदा डी-डायमर जास्त असलेल्यांत दिसला आणि कमी असलेल्यांतही. नशीब सांगणारा मार्कर, औषधाचा फायदा सांगणारा नाही.

हृदयाच्या गोळ्यांमध्ये हा वाद आणखी जुना आहे. २००८ ची ज्युपिटर ट्रायल, १७,८०२ माणसं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा वर. रोझुवास्टॅटिन ह्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने (स्टॅटिन म्हणतात त्यातली एक) हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक वगैरे ४४ टक्क्यांनी कमी झाले. लगेच बोलबाला, सीआरपी जास्त असणाऱ्यांनाच स्टॅटिन जास्त लागू पडतं. अहो, पण कमी सीआरपीवाले त्यात होते कुठे? ते तपासायला दुसरी ट्रायल लागली. हार्ट प्रोटेक्शन स्टडीच्या २०,५३६ जणांचे सीआरपीप्रमाणे गट पाडून २०११ मध्ये बघितलं, तर सिमव्हास्टॅटिनचा फायदा अगदी कमी सीआरपीवाल्यांनाही तेवढ्याच प्रमाणात मिळालेला.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सोडून पुढे जाऊ नका. प्रमाण सारखं म्हणजे वाचलेली माणसं सारखी असं नाही. समजा एका गटात शंभरातल्या वीस जणांना अ‍ॅटॅक येणार होता आणि गोळीने चौथा हिस्सा टळला, तर पाच जण वाचले. दुसऱ्या गटात शंभरातल्या चौघांनाच येणार होता, तिथे तोच चौथा हिस्सा म्हणजे एकच जण. म्हणजे नशीब सांगणारा मार्करसुद्धा कोणाला औषध आधी द्यायचं हे ठरवायला कामाचा असतो, धोका जास्त तिथे हाती लागणारा फायदा जास्त. फक्त त्याला "औषध ह्यांच्यात वेगळं वागतं" असं म्हणायचं नाही.

रक्तातला खराखुरा प्रेडिक्टिव्ह मार्कर बघायचा असेल तर गंभीर दम्यातले इओसिनोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बघा. मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन इओसिनोफिल कमी करतं. सुरुवातीला इओसिनोफिल न बघता दम्याच्या ३६२ पेशंटवर वापरलं, २००७ मध्ये निकाल आला, काही खास फरक नाही, औषध बाजूलाच पडलं असतं. पुढे इओसिनोफिल जास्त असलेलेच पेशंट निवडले आणि चित्र पालटलं. नंतरच्या ट्रायलींचे आकडे एकत्र केले तेव्हा रक्तात इओसिनोफिल १५० किंवा जास्त असलेल्यांत दम्याचे अटॅक प्लासिबोच्या (आत औषध नसलेल्या, दिसायला तशाच इंजेक्शनच्या) तुलनेत ५२ टक्के कमी, आणि ५०० किंवा जास्त असलेल्यांत ७० टक्के कमी. आकडा चढतो तसा फायदा चढतो, आणि शेजारी प्लासिबोचा रकाना प्रत्येक पायरीवर हजर. पुरावा असा असतो.

एकच गोष्ट दोन्ही कामं करते असंही होतं. कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तपासलं त्या वेळी ऑक्सिजन लागणं तसं होतं. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, साध्या ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर, आणि ऑक्सिजन न लागलेल्यांत औषधाशिवाय १४, औषधावर १७.८, म्हणजे तिथे फायदा दिसलाच नाही. उभं वाचा, नशीब वेगळं. आडवं वाचा, औषधाचा परिणामही वेगळा. आणि तरी आपल्याकडे घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९८ असलेल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पी व्हॅल्यूचं. चारही घरं भरलेली असली तरी लोक इथे घसरतात. मार्कर जास्त असलेल्या गटात औषध विरुद्ध प्लासिबो पी ०.०३, कमी असलेल्या गटात ०.०९, मग लिहून टाकायचं की पहिल्यात चालतं, दुसऱ्यात नाही. हे चूक आहे, साफ चूक. दुसऱ्या गटात पेशंट थोडे कमी असले तरी एवढा फरक येतो. बघायचा असतो तो फरकांमधला फरक, त्याची वेगळी टेस्ट असते, तिला इंटरॅक्शन टेस्ट म्हणतात, आणि तिला पेशंटही खूप लागतात. ट्रायल जेवढा फरक पकडायला आखलीय तेवढ्याच आकाराचं इंटरॅक्शन पकडायचं तर साधारण चौपट. ज्या पेपरात इंटरॅक्शनचा आकडाच दिलेला नाही त्यातलं "प्रेडिक्टिव्ह" मी वाचतच नाही. गट पाडत बसलं की काहीही निघतं. १९८८ च्या आयसिस-२ ट्रायलमध्ये हार्ट अ‍ॅटॅकच्या १७,१८७ पेशंटची जन्मतारखेच्या राशीप्रमाणे विभागणी करून दाखवली होती, मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, बाकी सगळ्यांना भरपूर. संशोधकांनी ते मुद्दाम दाखवलं होतं, अशा गटांवर विश्वास ठेवू नका म्हणून. म्हणून आपल्याकडची ट्रायल असेल तर आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलींच्या नोंदणीच्या साइटवर, जाऊन बघा, मार्करप्रमाणे गट पाडणार हे सुरुवातीलाच लिहिलं होतं की आकडे हातात आल्यावर सुचलं.

बाकीचे प्रकार झटपट. निदान करणारा मार्कर आजार आहे का ते सांगतो, हार्ट अ‍ॅटॅकसाठी बघतात त्या ट्रोपोनिनसारखा. डायबिटीसमध्ये एचबीए१सी दर तीन महिन्यांनी बघता ते लक्ष ठेवण्यासाठी. औषध सुरू केल्यावर सीआरपी उतरलं तर औषधाने शरीरात काहीतरी केलं एवढंच कळतं, तो आकडा औषधानंतरचा, आपण इथे बोलतोय तो आधीचा, दोन्ही एका टेबलात मिसळू नका म्हणजे झालं.

त्या मुलीला मी तिच्याच टेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढून दिला, दोन घरांत तिचे साठ पेशंट बसवले आणि उरलेली दोन रिकामी ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मॅडम, त्याच वर्षी औषधाचा पुरवठा थांबला होता तेव्हा काही जणांना नुसत्या जुन्या उपचारांवर ठेवलं होतं, त्यांच्या फायली रेकॉर्ड रूममध्ये असतील. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटासारखं ते होणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहावं लागेल, पण काढ. आणि तोपर्यंत शीर्षकातला "प्रेडिक्टिव्ह" खोडून ठेव. तिने तिथेच पेन काढून खोडला.