केपर

केपर (कॅपॅरिस स्पायनोझा) हे भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात वाढणारे बहुवर्षायू काटेरी झुडूप असून आषाढी एकादशीनंतर द्वादशीला उपवास सोडताना जिच्या फळांची भाजी करतात ती वाघाटी याच कॅपॅरिस वंशातील आहे. त्याच्या फांद्या जमिनीलगत दोन-तीन मीटरपर्यंत पसरतात. पाने जाड व गोलसर असतात आणि देठाच्या तळाशी बहुधा आकड्यासारख्या काट्यांची जोडी असते. लांब जांभळट पुंकेसरांची पांढरी-गुलाबीसर फुले अतिशय देखणी असली, तरी लागवड मुख्यतः मुरवून खाल्ल्या जाणाऱ्या न उमललेल्या कळ्यांसाठी होत असल्याने नीट राखलेल्या मळ्यात ती थोडीच दिसतात.

जेरुसलेममधील, ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीतील दगडांच्या फटींतही हे झुडूप तग धरून आहे. खोल मुळांमुळे ते कडक उन्हाळा सहज सोसते, परंतु पाणी साचलेल्या जमिनीत त्याची मुळे कुजतात. म्हणून भरपूर ऊन आणि उत्तम निचऱ्याची, शक्यतो चुनखडीयुक्त जमीन निवडावी. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला नियमित पाणी लागते, पुढे ते बेतानेच द्यावे. बियांचे कवच टणक असल्याने उगवण कमी व अनियमित होते, त्यामुळे व्यापारी लागवडीत अनेकदा हिवाळ्याच्या अखेरीस घेतलेली छाट कलमे लावतात, मात्र त्यांनाही मुळे फुटतीलच अशी खात्री नसते.

निगेतील सर्वांत महत्त्वाचे काम छाटणीचे आहे. कळ्या त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येत असल्याने हिवाळ्यात फांद्या बुंध्याजवळ आखूड छाटतात. नवख्या माळ्याला ही छाटणी निर्दय वाटते, पण ती टाळल्यास जुन्या लाकडाचा गुंता वाढून कळ्या कमी मिळतात.

साधारण मे महिन्यापासून उन्हाळाभर दर आठ-दहा दिवसांनी कळ्या हाताने खुडाव्या लागतात. काटे आणि ऊन यांमुळे हे काम फार कष्टाचे असते, आणि केपर महाग असण्याचे मुख्य कारणही तेच आहे. कळी जितकी लहान व घट्ट तितकी तिला किंमत अधिक मिळते. ताजी कळी कडू लागते. मिठात किंवा खारवलेल्या पाण्यात मुरल्यावरच तिला मोहरीसारखा झणझणीत स्वाद येतो. इटलीच्या पँतेल्लेरिया या ज्वालामुखीजन्य बेटावर कळ्या समुद्री मिठात मुरवतात, आणि तेथील केपरला १९९६ पासून युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक मानांकन आहे.