२३, ४४५, १४३४ : राउटरच्या लॉगमागचा इतिहास

राउटरचं सेटिंगचं पान उघडून कुणी पहिल्यांदा लॉग (येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांच्या नोंदी) बघतं, तेव्हा छातीत धस्स होतं. कुठल्यातरी अनोळखी आयपी पत्त्यावरून पोर्ट २३ वर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक असलेलं दार) टीसीपी सिन, म्हणजे जोडणी मागणारं पहिलं पॅकेट; पुढे 'ड्रॉप', म्हणजे राउटरने ते टाकून दिलं. मग ४४५. पुन्हा २३. तेही रात्री दोनला, घर झोपलेलं असताना. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटणं साहजिकच आहे. पण बहुतेक वेळा ही ठोठावणी आपल्यासाठी नसतेच. ती वर्षानुवर्षं साचत आलेली आहे, आणि त्यातल्या कित्येक क्रमांकांना स्वतःची हकिगत आहे.

इंटरनेटच्या आधी मोडेमवरून ओळीने फोन नंबर फिरवून पलीकडे संगणक सापडतो का ते बघत. पोर्ट स्कॅन म्हणजे तेच काम. एका पत्त्यावर टीसीपीचे ६५,५३६ पोर्ट. एकेकावर सिन पाठवायचं. सिन-अ‍ॅक आलं तर दार उघडं, आरएसटी आलं तर बंद, काहीच आलं नाही तर बहुधा मध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती रहदारी अडवणारा पहारेकरी. १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी 'सेटन' हे नेटवर्कमधल्या कच्च्या जागा तपासण्याचं साधन सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा मोठा गहजब झाला होता. १९९७ च्या सप्टेंबरात 'एनमॅप' हे पोर्ट स्कॅनचं साधन आलं; ते आजही नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या हाताशी असतं.

तोवर स्कॅनमागे बहुधा माणूस असे. वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, आले आणि ते चित्र पालटलं. २५ जानेवारी २००३ ला 'स्लॅमर' सुटला: अवघे ३७६ बाइट, यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्ट १४३४ वर एकच पॅकेट. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची लागण दुप्पट होत होती. दहा मिनिटांत सापडण्याजोग्या बहुतेक सगळ्या यंत्रांत तो शिरला. तो ज्या त्रुटीतून शिरला तिचा पॅच (दुरुस्ती) सहा महिने आधीच आलेला होता, याची हळहळ अजून वाटते. पुढे 'कॉन्फिकर'ने २००८ मध्ये आणि 'वॉनाक्राय'ने २०१७ मध्ये ४४५ हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट गाजवला.

दरम्यान २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या 'झेडमॅप'ने एका यंत्रावरून, एका पोर्टसाठी, सगळं आयपीव्ही४ इंटरनेट पाऊण तासात पालथं घालून दाखवलं. आता अभ्यासक आणि नेटला जोडलेली उपकरणं शोधून देणाऱ्या शोडानसारख्या सेवाही सतत स्कॅन करतात. म्हणून लॉगमधली प्रत्येक ओळ चोराची नसते.

२३ क्रमांकाची गोष्ट मात्र घराघरातली आहे. २०१६ च्या 'मिराई'ने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर धरले, तेही टेलनेटवर (दुरून यंत्रात लॉगिन करण्याची जुनी सोय, पोर्ट २३) कारखान्यातून आलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड वापरून. दहातला एक प्रयत्न २३२३ वर. त्याच्या पॅकेटची खूण पटते: त्यातला टीसीपीचा सिक्वेन्स क्रमांक (अनुक्रमांक) म्हणजे ज्याचं दार वाजवायचं त्याचाच आयपी पत्ता. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने 'डाइन' या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) कंपनीला बेजार केलं. ट्विटरसारखी संकेतस्थळं अनेकांना उघडेनात. मिराईचा कोड त्याआधीच सगळ्यांसाठी उघडा झाला होता, म्हणून त्याची पिल्लं अजून दारं वाजवत फिरतात.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत महत्त्वाच्या यंत्रणांवरचं लक्ष्य करून केलेलं स्कॅनिंग सहा तासांत कळवायला सांगितलं, लॉग १८० दिवस ठेवायला लावले. हे संस्था-कंपन्यांसाठी. घरच्या जोडण्यांपैकी अनेक सीजीनॅटमागे असतात, म्हणजे इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. तिथे बाहेरचे धक्के राउटरपर्यंत पोचतच नाहीत. लॉग कोरा, म्हणून घर सुरक्षित, असं समजू नये.

'एसीके स्कॅन' (एसीके म्हणजे वरचं अ‍ॅक, पोचपावती) असं लाल अक्षरांत दिसलं तरी पुष्कळदा ते आपणच मघाशी उघडलेल्या संकेतस्थळाचं उशिरा आलेलं उत्तर असतं. माझ्या मते बघायची ती उलट दिशा. १९२.१६८.१.२० वरचा आपला कॅमेरा शेकडो अनोळखी पत्त्यांच्या पोर्ट २३ वर सिन पाठवताना दिसला, तर आधी त्याची वायर काढावी. मिराई मेमरीत राहतो, बंद-चालू केलं की जातो. पण जुना पासवर्ड तसाच ठेवून कॅमेरा पुन्हा नेटला जोडला, तर काही मिनिटांतच तो परत शिरू शकतो.