घरातील हॉट टबचे पाणी बदलणे व टब स्वच्छ करणे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टबचे पाणी पहिल्यांदा बदलण्याची वेळ आली, की अनेक ग्राहक आम्हाला विचारतात, की पाणी अजून नितळ दिसत असताना ते सोडून का द्यायचे. याचे कारण असे, की घाम, त्वचेवरील तेल, पोहण्याच्या कपड्यांत राहिलेला साबण आणि आपण वेळोवेळी घातलेली रसायने पाण्यात विरघळून तेथेच साचत राहतात. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. डायक्लोर प्रकारचे क्लोरीन वापरत असल्यास प्रत्येक मात्रेबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात जाते आणि ते वाढत गेले, की चाचणीपट्टीवर क्लोरीन पुरेसे दिसूनही त्याचा जंतूंवरील परिणाम मंदावतो. यावर पाणी बदलण्याखेरीज व्यवहार्य उपाय नाही.

पाणी किती दिवसांनी बदलावे, हे वापरावर ठरते. टबमधील पाण्याच्या लिटरना १२ ने भागावे आणि येणाऱ्या संख्येला रोज टबमध्ये उतरणाऱ्यांच्या संख्येने भागावे. १,२०० लिटरचा टब रोज एकच व्यक्ती वापरत असेल, तर पाणी साधारण १०० दिवस चालते. चौघे वापरत असतील, तर मात्र २५ दिवसांतच बदलावे लागते. सर्वत्र सांगितला जाणारा तीन-चार महिन्यांचा काळ बेताच्या वापरासाठीच योग्य आहे.

या पत्रकातील सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की पाणी सोडण्यापूर्वी टबच्या आतील पाइप धुऊन घ्यावेत. डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग पुसणे सोपे असते; परंतु पंपापासून जेटपर्यंत (पाण्याचा झोत सोडणाऱ्या तोंडांपर्यंत) जाणाऱ्या पाइपांत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि त्या थराच्या आतपर्यंत क्लोरीन सहजी पोहोचत नाही. अंगावर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास आणि फुप्फुसांचा गंभीर आजार घडवणारा लेजिओनेला हे दोन्ही जीवाणू अशा थरात आश्रय घेतात. लेजिओनेला २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात चांगला वाढतो आणि हॉट टबचे पाणी याच टप्प्यात असते. पाइप तसेच ठेवून नवे पाणी भरले, तर तोच थर नव्या पाण्याला लागतो आणि काही दिवसांतच पाणी गढूळ होऊ लागते.

त्यासाठी फिल्टर बाहेर काढून ठेवावेत, पाइप धुण्याचे द्रावण त्याच्या वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात घालावे, सर्व जेट व त्यांतील हवा कमी-जास्त करणाऱ्या चकत्या पूर्ण उघडाव्यात आणि वेष्टनावर दिलेल्या वेळेपर्यंत पंप चालू ठेवावा. पाण्यावर तपकिरी किंवा राखाडी फेस आल्यास घाबरू नये. पाइपांतील मळ सुटत असल्याची ती खूण आहे. हा फेस वाळण्यापूर्वीच पुसून घ्यावा. टब वापरलेला घेतला असेल किंवा बरेच महिने बंद असेल, तर ही क्रिया दोनदा करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

यानंतर पाण्याची तोटी उघडण्यापूर्वी टबचा वीजपुरवठा मुख्य ब्रेकरपासून बंद करावा, कारण पाण्याविना हीटर अथवा पंप सुरू झाल्यास तो जळू शकतो. पाणी निवू द्यावे आणि सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे. मात्र स्थानिक नियम आधी पाहावेत. पावसाच्या पाण्याच्या गटारात ते मुळीच सोडू नये, कारण तेथून ते पुष्कळदा प्रक्रियेविना थेट नदी-नाल्यात जाते आणि क्लोरीन माशांना घातक असते. पाइप धुण्याचे द्रावण मिसळलेले पाणी झाडांनाही घालू नये. तळाच्या तोटीला नळी जोडून टब रिकामा होण्यास काही तास लागतात. पाण्यात बुडवून चालवण्याचा पंप असेल, तर काम बरेच लवकर होते. बैठकींच्या खोलगट भागांत उरलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे.

रिकामा टब मऊ फडक्याने आणि टबसाठीच्या स्वच्छकाने पुसावा. क्षारांचे पांढरे डाग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. काथ्या, तारेची घासणी किंवा ॲसिटोन यांनी ॲक्रिलिक कायमचे खराब होते, तर भांड्यांच्या साबणाचा अंश राहिल्यास नव्या पाण्यावर फेस येत राहतो. रिकामा टब कडक उन्हात उघडा ठेवू नये आणि पाणी गोठेल अशा थंडीत तो रिकामा करू नये. पाइपांत राहिलेले पाणी गोठून फुगते व पाइप फुटतात.

फिल्टरच्या प्रत्येक घडीत नळीचे पाणी वरून खाली सोडावे, मग तो फिल्टर-स्वच्छकात बुडवून ठेवावा आणि पुन्हा धुवावा. अतिदाबाच्या पाण्याने कापडाचे धागे विस्कटतात, म्हणून अतिदाबाने पाणी मारणारे यंत्र वापरू नये. फिल्टरचा दुसरा संच जवळ असावा, म्हणजे धुतलेला संच पूर्ण वाळवता येतो. झाकण दोन्ही बाजूंनी पुसावे. ते पूर्वीपेक्षा जड लागत असेल, तर आतील फोममध्ये पाणी मुरले आहे, असे समजावे.

नवे पाणी भरताना नळीचे तोंड फिल्टरच्या खाचेत ठेवावे, म्हणजे पाइपांत हवा अडकण्याची शक्यता कमी होते. पाणी खुणेपर्यंत आल्यावरच वीज सुरू करावी. प्रथम क्षारता (अल्कलिनिटी) ८० ते १२० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग), नंतर पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचे माप) ७.२ ते ७.८ आणि शेवटी क्लोरीन किमान ३ पीपीएम, या क्रमाने पाणी जुळवावे. क्षारता आधी न साधल्यास पीएच स्थिर राहत नाही. रसायने एकेक करून, पंप चालू व झाकण उघडे असताना घालावीत. कोरड्या स्थितीतही दोन रसायने एकत्र करू नयेत : क्लोरीन व आम्ल यांच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो आणि दोन वेगळ्या प्रकारचे क्लोरीन मिसळल्यास आग लागू शकते. चाचणीत तिन्ही मापे योग्य आल्याखेरीज कोणीही टबमध्ये उतरू नये.

पंपाचा आवाज येतो पण जेटमधून पाणी येत नाही, असे झाल्यास हवा अडकली असण्याचा संभव असतो. तेव्हा पंप लगेच बंद करून आम्हाला कळवावे. वीज सुरू करताच ब्रेकर पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा चढवू नये, टबपासून दूर राहावे आणि आमचा तंत्रज्ञ येईपर्यंत वीजपुरवठा बंदच ठेवावा.