पावणेतीन किलो वांगी आणि २.७५ × ४०

मागच्या हिवाळ्यात आठवडी बाजारात भरताची वांगी घ्यायला गेलो होतो. खानदेशात थंडी पडली की पाहुणे येवोत न येवोत, भरीत होतंच. त्या दिवशी तर पाहुणेही होते. गोणपाटावर हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचा ढीग लावून माझ्याच सहावीच्या वर्गातला एक मुलगा बसला होता. शेजारी त्याची आई मेथीच्या जुड्या बांधत होती. भाव चाळीस रुपये किलो. मी निवडून दिलेली वांगी त्याने तागडीत टाकली, एक काढलं, दुसरं घातलं आणि म्हणाला, "पावणेतीन झायात, सर. एकशे दहा द्या." दोनशेची नोट दिली, नव्वद परत आले. सगळं मिळून पाच-सात सेकंद.

त्याच आठवड्यात मी वर्गात चाचणी घेतली. एक गणित होतं २.७५ × ४०. या पठ्ठ्याचं उत्तर होतं ११००. गुणाकार बरोबर केला होता, दशांश चिन्ह एक घर चुकलं होतं. जवळ बोलावून विचारलं, "हे कसं केलंस रे?" तो खाली बघत म्हणाला, "माले येस नही, सर."

बाजारात याच मुलाने माझ्याकडे वांग्यांचे अकराशे रुपये मागितले असते का? त्याला स्वतःलाच हसू आलं असतं. कागदावर मात्र ११०० बघून त्याला काहीच खटकलं नाही.

हे कोडं माझ्या एकट्याच्या वर्गातलं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालूसिया श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. आधी ते गिऱ्हाईक बनून गेले. एका बारा वर्षांच्या पोराला नारळाचा भाव विचारला. एक नारळ ३५ क्रुझेरोंना. दहा हवेत, किती होतील? पोरगा म्हणाला, तीनाचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, अजून चार हवेत... ३१५... ३५०. दहाने गुणताना नुसतं शून्य लावायचं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने आपल्या ओळखीच्या तीन-तीनच्या ढिगांनी वाट काढली आणि बरोबर ठिकाणी पोचला. नंतर याच मुलांना तेच आकडे कागद-पेन्सिलवर दिले. बाजारातली ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. गोष्टीच्या रूपातल्या शाब्दिक उदाहरणांत हे प्रमाण ७४ टक्क्यांवर आलं आणि नुसत्या आकड्यांच्या गणितांत ३७ वर.

पाचच मुलं, म्हणून कोणी नाक मुरडेल. त्यासाठी आपल्याकडचा ताजा अभ्यास आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १४३६ मुलं तपासली. हे संशोधन २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं. बटाटे २० रुपये किलो, कांदे १५ रुपये किलो. ८०० ग्रॅम बटाटे आणि १.४ किलो कांदे घेतले तर किती? (सदतीस. तुम्ही कागद घेतला असेल तर लाजू नका.) असे सौदे ही मुलं तोंडी करत होती. पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी-भागाकाराची गणितं समोर आली की त्यातली बरीच अडखळत होती.

मला जास्त अस्वस्थ केलं ते अभ्यासाच्या दुसऱ्या बाजूने. जवळपासच्या शाळांतली, बाजाराचा अनुभव नसलेली ४७१ मुलंही तपासली होती. साध्या लेखी गणितांत ती पुढे होती. पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांना जमला, तो शाळेतल्या फक्त एक टक्का मुलांना आला. म्हणजे बाजारातलं शाळेत जात नाही आणि शाळेतलं बाजारात. पूल दोन्हीकडून तुटलेला आहे.

तो तुटतो कुठे? एक कारण डोक्यातल्या जागेचं. एका वेळी माणूस मनात साधारण चारच सुटे तुकडे धरून ठेवू शकतो, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये बऱ्याच प्रयोगांच्या आधारे मांडलं. बाजारातलं पोर ही जागा फार काटकसरीने वापरतं. नंतर मी त्या मुलाला वांग्यांचा हिशेब पुन्हा विचारला. त्याने सांगितलं, तीन किलोचे एकशेवीस, त्यातले पाव किलोचे दहा गेले. दोनच पायऱ्या. आणि ही युक्ती त्याने शोधलेलीसुद्धा नाही, ती शब्दातच आहे! पाऊण म्हणजे मूळचं 'पादोन', पाव उणे. पावणेतीन म्हणजे पाव कमी तीन. मराठीतला हा शब्द उच्चारला की रीत आपोआप हातात येते. २.७५ या चिन्हात ती दिसत नाही. तिथे २७५ ला ४० ने गुणा, हातचा धरा, शून्य लावा, मग दशांश स्थळं मोजा. प्रत्येक पायरीला एक तुकडा धरायचा, आणि त्यातल्या एकालाही वांग्याचा वास नाही. मग उत्तर दहापट चुकलं तरी कळणार कसं?

आपल्याकडे हा पूल एके काळी होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे आमच्या आजोबांना पाठ होते. कापसाचा आणि भुईमुगाचा हिशेब त्यांच्यावर चालायचा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. त्याबद्दल गळा काढण्याचं मला कारण दिसत नाही. छडीच्या धाकाने घोकलेले पाढे होते ते, आणि घोकायला सगळ्यांची पोरं शाळेत होती कुठे? दशांश पद्धत सोयीचीच आहे. फक्त ती आणताना 'पाऊण' आणि '०.७५' ही एकाच माणसाची दोन नावं आहेत, हे सांगायचं राहून गेलं.

सांगितल्याने फरक पडतो का? १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी अमेरिकेत विद्यापीठातल्या मुलांवर एक प्रयोग केला. आधी एक गोष्ट वाचायला दिली, मग एक कोडं. कोड्याचं उत्तर गोष्टीतच दडलेलं होतं, तरी बहुतेकांना ते सुचलं नाही. 'मघाची गोष्ट वापरून बघा' एवढं म्हटल्यावर बहुतेकांना सुटलं. विद्यापीठातल्या पोरांची ही गत, तर सहावीच्या पोराने आपला बाजार आपणहून वहीत आणावा, ही अपेक्षा अजबच म्हणायची.

शिक्षकांसाठी यातून निघणारा सगळ्यात कामाचा अभ्यास मला वाटतो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा. थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या चाळीस शिक्षकांचे दोन गट केले. एका गटाला नवं पुस्तक नाही, पाठाची तयार टाचणं नाहीत; फक्त लहान मुलं बेरीज-वजाबाकीची उदाहरणं आपल्या मनाने कशी सोडवतात, हे समजावून दिलं. वर्षभर या शिक्षकांनी सराव कमी घेतला आणि 'तू कसं केलंस?' हे जास्त विचारलं. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यांची मुलं उदाहरणं सोडवण्यात पुढे गेली आणि पाठांतरातही मागे पडली नाहीत.

पण विचारायचं तर थांबायलाही हवं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे वाचल्यावर मी स्वतःला मोजलं. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात, घसा खाकरावासा वाटतो. बाजारात मात्र मी त्या पोराचा हिशेब होईपर्यंत मुकाट उभा होतो, कारण पैसे माझे होते! त्यातून आमच्याकडे घरी अहिराणी, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली नाहीतर पावरी. पोराला आधी प्रश्न स्वतःच्या बोलीत वळवून घ्यायचा असतो. एक सेकंद त्यातच जातो.

पुढच्या सोमवारी मी फळ्यावर एका बाजूला पावणेतीन किलो वांगी लिहिली, दुसऱ्या बाजूला २.७५, आणि काही न बोलता थांबलो. तोच मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे हाई पंच्याहत्तर पाऊणच शे का?" मग वर्ग सुटलाच. ०.५ म्हणजे अर्धा, ०.२५ पाव, ०.१२५ आदपाव, ०.८ म्हणजे आठशे ग्रॅम. मी जोरात होतो, म्हणून १/३ लिहिला. सगळे गप्प. तीन सेकंद, पाच, दहा. मागच्या बाकावरची एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, इतलं कोण मागस?"